एलिव्हेटर चौतीस मैलांवर गेला

हॅस्केटचा एलिव्हेटर बंद होणार ही बातमी फेब्रुवारीत आली आणि गावात कुणालाच तिचं आश्चर्य वाटलं नाही. रेल्वे कंपनीने हॅस्केटचा फाटा आदल्या वर्षीच सोडून दिला होता. रुळांवर तण माजलं होतं. एलिव्हेटर म्हणजे गावाच्या टोकाला उभं असलेलं धान्याचं उंच, पांढरं, सिमेंटचं कोठार. शेतकऱ्याने ट्रक आणायचा, काट्यावर वजन करायचं, गहू खालच्या खड्ड्यात ओतायचा. तिथून तो यंत्राने वर चढायचा आणि पुढे रेल्वेच्या डब्यांत जायचा. डबेच येईनासे झाल्यावर कोठार नुसतंच उंच उरलं. गावची सहकारी संस्था लार्टनच्या मोठ्या संस्थेत विलीन करायची ठरली. लार्टन मुख्य लाइनवर होतं. तिथे अख्खीच्या अख्खी मालगाडी एका दमात भरता येत होती आणि अशा गाडीला रेल्वे भाड्यात सवलत देत होती.

सभेत संस्थेच्या मॅनेजरने हे सगळं फळ्यावर मांडून दाखवलं. भाड्यात जे वाचेल ते गव्हाच्या भावात मिळेल, असं तो म्हणाला.

"आणि लार्टनपर्यंत गहू काय पायी जाणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

लोक हसले. मॅनेजरही हसला. मग मतदान झालं आणि ठराव मंजूर झाला.

वॉल्टर एंगेल यांनी हात वर केला नाही, ना बाजूने ना विरुद्ध. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या शेजारी त्यांचा जावई बसला होता: नरेंद्र, मूळचा नागपूरचा. कॅन्ससमध्ये शेतीशास्त्र शिकायला आला, वॉल्टरच्या मुलीशी, लोइसशी लग्न करून बसला आणि सासऱ्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा नोकरी सोडून त्यांची शेती करायला आला, त्याला बारा वर्षं होऊन गेली होती.

घरी जाताना पिकअपमध्ये वॉल्टर एवढंच म्हणाले, "आपल्या दारापासून हॅस्केट चार मैल. लार्टन चौतीस."

नरेंद्र म्हणाला, "हो."

त्या मुलखात एक रीत होती. ज्याची छाती, गुडघे किंवा डोळे कंबाइनवर, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रावर, बसू देत नाहीत, त्याच्याकडे ट्रक जायचा. सुगीत कापणीयंत्र तरुणाने चालवायचं आणि ते भरलं की गहू एलिव्हेटरवर पोचवायचं काम घरातल्या म्हाताऱ्याने किंवा बाईने करायचं. रस्ता मातीचा, ओळखीचा, वाहनं मोजकी. ट्रकही असेच, वर्षातले पंधरा दिवस चालणारे आणि बाकीचे दिवस शेडमध्ये झोपणारे. वॉल्टरचा लाल ट्रक लोइसच्या शाळेच्या दिवसांतला होता. ऑपरेशननंतर त्यांना जे काही म्हणून उरलं होतं, ते त्या ट्रकवर होतं. ते गहू घेऊन जात, काट्याच्या खोलीत कॉफी घेत, कुणाच्या शेतात किती उतारा पडला ते ऐकत आणि परत येऊन नरेंद्रला कंबाइनच्या शिडीखाली उभे राहून सांगत. शेत अजून त्यांचंच आहे हे त्यांना त्या फेऱ्यांतून कळत असे.

मार्चमध्ये एका संध्याकाळी लोइसने विषय काढला. ती लार्टनच्या हॉस्पिटलात नर्स होती. रोज तोच हायवे तिच्या पायाखालचा होता. शिवाय घराचा आरोग्य विमा तिच्या नोकरीवर होता, त्यामुळे सुगीत तिला रजा घेऊन ट्रकवर बसणं शक्य नव्हतं.

"डॅडना त्या रस्त्यावर घालायचं नाही," ती म्हणाली. "तिथे आता सगळ्या गावांचे ट्रक असतात. मोठे, अठरा चाकी. डॅडना उजव्या डोळ्याने धड दिसत नाही."

"मग?"

"भाड्याने माल वाहणाऱ्या ड्वेनला विचारलंय मी. त्याचा तसला अठरा चाकी सेमी आहे. एका फेरीत आपल्या ट्रकच्या तिप्पट माल नेईल. महाग आहे, पण लांबच्या फेऱ्यांना आपल्या खटाऱ्याला लागणारं पेट्रोल, टायर, वेळ धरला तर फार फरक नाही. त्याला मेअखेर होकार हवाय. नंतर तो दुसऱ्यांना शब्द देणार."

नरेंद्रला हिशेब पटला. त्यानेही तोच केला होता. वाहतूक तिपटीने महागणार होती आणि मॅनेजरने फळ्यावर लिहिलेला वाढीव भाव त्यात कुठल्या कुठे वाहून जात होता. पण ड्वेनचा सेमी तरी वेळेवर येईल.

"डॅडना कोण सांगणार?" लोइसने विचारलं. "मी सांगते. आज सांगते."

"नको," नरेंद्र घाईने म्हणाला. "तू मुलगी आहेस. तुझ्या तोंडून त्यांना लागेल. मी बोलतो."

लोइसने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

नरेंद्रने बारा वर्षांत सासऱ्यांना एकदाही नावाने हाक मारली नव्हती. हॅस्केटमध्ये पोरंटोरंसुद्धा त्यांना वॉल्टर म्हणत. नरेंद्रच्या जिभेवर ते येत नसे, आणि 'डॅड' म्हणताना आपण कुणाचं तरी ढापतोय असं वाटे. म्हणून तो नेहमी जवळ जाऊन बोलायचा. जवळ गेलं की हाक मारावी लागत नाही.

एप्रिलमध्ये असाच एकदा तो जवळ गेला. वॉल्टर ट्रकखाली पाठीवर पडले होते. बुटांचे तळवे तेवढे बाहेर दिसत होते.

"ब्रेक नवे घालतोय," खालून आवाज आला. "लार्टनला जायचं म्हणजे ब्रेक पाहिजेत."

नरेंद्र उकिडवा बसला. हीच वेळ होती. त्याने घसा साफ केला.

"काय रे?" वॉल्टर म्हणाले.

"काही नाही. मदत करू?"

थोडा वेळ खालून नुसता पान्याचा आवाज आला. "नको," वॉल्टर म्हणाले. "झालंच."

नरेंद्र उठून आत गेला. माणूस इतक्या हौसेने तयारी करतोय, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? बोलायचं ठरवून जायचं आणि हवापाणी बोलून परतायचं, असं मग आणखी दोनदा झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात तसं.

मेमध्ये विचिटाला दिगंबरकडे सत्यनारायण होता. दिगंबर विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर, नरेंद्रचा कॉलेजपासूनचा मित्र. जेवणं झाल्यावर गॅरेजपाशी खुर्च्या टाकून दोघे बसले.

"काय जावईबापू, सासुरवाडी काय म्हणते?" दिगंबरने सुरुवात केली. "आख्ख्या कॅन्ससमध्ये तू एकटाच ऑफिशियल घरजावई आहेस यार."

नरेंद्रने एलिव्हेटरचं सांगितलं, ट्रकचंही.

"मग प्रॉब्लेम काय? स्ट्रेट सांगून टाक ना. ही माणसं माइंड करत नाहीत. माझ्या बॉसला मी तोंडावर सांगतो, युअर डिझाइन इज राँग."

"आणि बॉस काय करतो?"

"दोन वर्षं प्रमोशन अडकवतो. तो वेगळा पॉइंट आहे."

दिगंबरची बायको सुहासिनी प्रसादाची ताटली घेऊन आली होती. "अहो, काहीतरीच काय शिकवता?" ती म्हणाली. "वडीलधाऱ्या माणसाला तुमच्याने आता होत नाही, असं कुणी तोंडावर सांगतं का? नरेंद्रभावजी, तुम्ही नका हं ऐकू यांचं. दोन-चार फेऱ्या मारल्या की त्यांचं त्यांनाच कळेल. मग स्वतःच किल्ली ठेवतील."

नरेंद्रला हेच हवं होतं. चारशे मैलांच्या जाण्यायेण्यात त्याला कुणीतरी आपल्याच भाषेत सांगायला हवं होतं की गप्प बसणं हीच माणुसकी आहे. परतताना त्याचं मन हलकं झालं होतं.

मेअखेर ड्वेनचा फोन आला. लोइस ड्यूटीवर होती.

"यंदा नको," नरेंद्र म्हणाला. "यंदा आम्ही भागवू."

"म्हातारबुवा चालवणार?" ड्वेनने विचारलं. "त्या हायवेवर?"

"हो."

"बरं बाबा. तुमचं तुम्ही जाणता. मी तुमच्या शेजारच्या कर्बी बंधूंना शब्द देतो मग."

रात्री लोइसने विचारलं, तेव्हा नरेंद्र म्हणाला, "बोललो त्यांच्याशी. म्हणाले, जमेल. फारच आग्रह दिसला, म्हणून ड्वेनला नाही म्हटलं."

"डॅड जमेल म्हणाले?"

"हो."

 लोइसला ते खरं वाटलं, कारण नवऱ्याने तिच्याशी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

गहू जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पिकला. पीक चांगलं होतं, गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं इतकं. कापणीयंत्र चालू झालं आणि पहिल्याच दिवशी नरेंद्रला काय होणार ते दिसलं. हॅस्केटला एलिव्हेटर होता तेव्हा कंबाइनची गव्हाची टाकी भरायच्या आत ट्रक रिकामा होऊन परत आलेला असे. आता वॉल्टर सकाळी पहिला माल घेऊन गेले ते दुपार कलली तरी येईनात. अंगणातल्या पत्र्याच्या जुन्या कोठीत थोडा गहू ओतून नरेंद्रने काम रेटलं. कोठी भरली. मग भरल्या टाकीनिशी कंबाइन शेतात उभं राहिलं आणि नरेंद्र त्याच्या सावलीत बसून रस्त्याकडे बघत राहिला. पिकलेला गहू समोर उभा, आभाळ स्वच्छ, यंत्र धडधाकट, आणि करायला काही नाही.

वॉल्टर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"फार रांग होती का?" नरेंद्रने विचारलं.

"होती रांग," वॉल्टर म्हणाले आणि ट्रक कंबाइनखाली लावायला निघून गेले.

ते खरंच होतं. लार्टनला सहा गावांचा गहू एकाच खड्ड्यात उतरत होता आणि रांग रेल्वे फाटकाच्याही पलीकडे जात होती. लोइसने घरी येऊन तेच सांगितलं. हॉस्पिटलच्या खिडकीतून तिला ती दिसत असे. "पण डॅडचा ट्रक नाही दिसला हायवेला," ती म्हणाली. "चुकामूक होत असेल."

दुसऱ्या दिवशी एकच फेरी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला.

नैर्ऋत्येला ढग उभा राहिला, खालून काळा आणि मधे हिरवट. त्या मुलखातला लहान पोरही तो रंग ओळखतो. नरेंद्रची टाकी भरलेली होती. निम्म्याहून अधिक शेत उभं होतं. गहू जमिनीवर ओतून पुढे कापत जाणं हा एक मार्ग होता. पण पाऊस आला तर जमिनीवरचा गहू भिजून मातीमोल होतो आणि ट्रक आता येईल, कुठल्याही क्षणी येईल, सकाळपासून गेलेला ट्रक आणखी किती वेळ लावील, असं म्हणत तो थांबला. शिडीवर चढून रस्ता पाहिला. हायवेकडून येणाऱ्या रस्त्यावर धूळ नव्हती. तो पुन्हा थांबला. मग न राहवून त्याने टाकी जमिनीवर मोकळी केली, यंत्र पिकात घातलं आणि जेमतेम दोन पट्टे कापून होतात तोच पहिली गार केबिनच्या छतावर आदळली.

गारपीट फार वेळ चालली नाही. उभं शेत आडवं व्हायला फार वेळ लागत नाही. ओंब्या तुटून चिखलात गेल्या, उरलेल्या काड्या गुडघ्याखाली मोडल्या, आणि जमिनीवर ओतलेल्या गव्हाच्या ढिगाचा पाण्याने ओहोळ झाला. नरेंद्र केबिनमध्ये बसून पाहत होता. काच तडकली होती.

पाऊस ओसरल्यावर ट्रक आला. तो हायवेच्या बाजूने आला नाही. उत्तरेकडून आला, जिकडे फक्त मातीचे रस्ते आहेत, मैलामैलावर एकमेकांना छेदणारे. चाकांपासून टपापर्यंत तो पांढऱ्या चिखलाने माखला होता. हायवेवर असला चिखल लागत नाही. नरेंद्रला समजायला थोडा वेळ लागला.

वॉल्टर खाली उतरले. त्यांनी शेताकडे पाहिलं, मग बराच वेळ बुटांकडे पाहिलं.

"तुम्ही आतल्या रस्त्यांनी जात होता," नरेंद्र म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून."

"ते तर पन्नास मैल पडतात. चढ, वळणं..."

"मला हायवेवर शिरता येत नाही," वॉल्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी तिठ्यावर उभा राहिलो. ते सेमी एकामागून एक येत होते. उजव्या बाजूचं मला ते अंगावर आल्यावरच दिसतं. उभाच राहिलो. मागच्या माणसाने हॉर्न दिला. मग ट्रक फिरवला आणि मातीच्या रस्त्याला लागलो."

"तुम्ही मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?" वॉल्टरनी मान वर केली. त्यांचा आवाज चढला नाही. "मला जमत नाही म्हणून? माझ्या शेतात उभं राहून? त्या दिवशी ब्रेकचं मी मुद्दाम बोललो. म्हटलं, आता तू म्हणशील, राहू द्या, नका जाऊ. तू शेजारी येऊन बसलास. म्हटलं, आता म्हणेल. सगळा वसंत मी वाट पाहिली. तू म्हणाला असतास तर जरा कुरकुर केली असती आणि किल्ली दिली असती. तुला वाटलं मी अजून चालवू शकतो, मग मला नाही कसं म्हणता येईल?"



लोइस अंधार पडायच्या आत आली. वाटेत तिने दोन्ही बाजूंची शेतं पाहिली होती. कर्बींचा बहुतेक गहू आदल्या दिवशीच निघून गेला होता. त्यांच्याकडे तीन सेमी होते आणि वर ड्वेन. वडील जेवणाच्या टेबलाशी ओल्या कपड्यांत बसले होते. तिने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"डॅड, तुम्ही जमेल म्हणालात, नाहीतर आम्ही ड्वेनला बोलावणार होतो."

"ड्वेनचं काय?" वॉल्टर म्हणाले. "मला कुणी काही विचारलंच नाही."

लोइस नरेंद्रकडे वळली. तो भिंतीला टेकून उभा होता.  ती जाऊन वडिलांसाठी कोरडे मोजे घेऊन आली, गुडघ्यावर बसली आणि एकेक करून त्यांच्या पायांत चढवू लागली.

"मला त्यांचं मन मोडायचं नव्हतं," नरेंद्र म्हणाला.

"ते मला कळतंय," लोइस म्हणाली. "तू ओरडला असतास, भांडला असतास, तरी चाललं असतं. तू माझ्याशीही गोड बोललास." तिने दुसरा मोजा ओढून सरळ केला. "आता मला तुझं कुठलं बोलणं खरं धरायचं, ते कळत नाही. एवढंच."

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं नरेंद्रला पुढे कितीतरी महिने वाटत राहिलं.

गारपिटीचा विमा होता. त्यात बियाणं आणि इंधन निघालं. पण पुढच्या सुगीचं काय करायचं, याला उत्तर नव्हतं. स्वतःचा सेमी घेण्याइतकं शेत मोठं नव्हतं, आणि लाल ट्रक चालवायला माणूस नव्हता. ड्वेन कर्बींशी बांधला गेला होता. आसपास आणखी दोन छोटे एलिव्हेटर त्या उन्हाळ्यात बंद झाले, म्हणजे लार्टनची रांग आणखी लांबणार होती. ज्यांच्याकडे मोठी वाहनं होती त्यांच्यासाठी चौतीस मैल म्हणजे रस्ता होता. बाकीच्यांसाठी ती भिंत होती. सप्टेंबरमध्ये, पेरणीच्या तोंडावर, वॉल्टरनी शेत कर्बी बंधूंना खंडाने दिलं. थोरला कर्बी घरी आला, टोपी काढून बसला आणि फार सभ्यपणे बोलला. वॉल्टर सह्या करताना नरेंद्रकडे पाहत नव्हते. रागाने नव्हे. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

हिवाळ्यात नरेंद्रने अठरा चाकींचं लायसन्स काढलं आणि ड्वेनकडे नोकरी धरली. लोइस त्याच्याशी बोले, जेवायला वाढे, गाडीत पेट्रोल आहे का विचारी. दिगंबरचे फोन येत. सुहासिनीने एकदा विचारलं, "मग, ठेवली की नाही सासऱ्यांनी किल्ली?" तो म्हणाला, "ठेवली वहिनी."

पुढच्या जूनमध्ये कर्बींची कंबाइन्स एंगेलांच्या शेतात शिरली आणि तिथला माल उचलायला ड्वेनने नरेंद्रलाच पाठवलं. बांधावर ट्रेलर लावून तो भरेपर्यंत थांबला होता, तेव्हा वॉल्टर घराकडून सावकाश चालत आले. आता काठी घेत. भरलेल्या गव्हावर त्यांनी हात फिरवला, चार दाणे दाताखाली धरून पाहिले.

"चांगला कोरडा आहे," ते म्हणाले.

"चला ना, बसा," नरेंद्र म्हणाला. "जाऊन येऊ लार्टनला."

वॉल्टरनी केबिनच्या उंच पायरीकडे पाहिलं.

"मी काय करू तिथे?"

"काही नाही. माझ्याबरोबर नुसते बसा."

"नुसतं बसायला घर आहे की," वॉल्टर म्हणाले.

ते वळले आणि धसकटांतून काठी टेकत परत निघाले. नरेंद्र त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिला. ते मधे एकदा दम खायला थांबले, पुन्हा चालू लागले. ओसरीची पायरी अजून दूर होती. इतक्यात मागून हॉर्न वाजला. कर्बींचा पुढचा ट्रेलर भरायला येऊन थांबला होता आणि नरेंद्रचा ट्रक त्याच्या वाटेत होता. तो वर चढला आणि त्याने ट्रक काढला.